मे दिन शिकागोचा, मग अमेरिकेत कामगारांची सुट्टी सप्टेंबरात का?

ठाकुर्लीकर

लोकहो, शिकागोत बदली होऊन आलोय. १ मेला घरी फोन केला तर सगळे सुट्टीच्या मूडमध्ये, आणि मी इथे स्टँडअप मीटिंगला. टीममधल्या एका अमेरिकन पोराला म्हटलं, आज जगभर कामगार दिन आहे आणि तो तुमच्याच गावामुळे आहे. तर म्हणे, लेबर डे सप्टेंबरात असतो.

ज्या हेमार्केटमुळे मे दिन सुरू झाला तो चौक आमच्या ऑफिसातून पायी जाता येईल इतका जवळ आहे. तिथे गाडीवर उभं राहून भाषण करणाऱ्यांचं एक शिल्प आहे. बाकी आजूबाजूला हॉटेलं आणि महागडे फ्लॅट.

माझं मत असं, की ही विस्मृती आपोआप आलेली नाही. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने १८९४ मध्ये सप्टेंबरची सुट्टी देऊन मे दिनाचा काटा काढला. आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतो: एवढा मोठा कारखानदार देश, एवढे संप, एवढे गोळीबार, तरी इथे ब्रिटनसारखा मजूर पक्ष का उभा राहिला नाही? जाणकारांनी लिहावं.

कढीलिंब

आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, अशीच मागणी होती ना? रात्री साडेनऊचा कॉल यातल्या कोणत्या आठात बसतो, तेवढं कोणीतरी सांगा. मॅनेजरला लिंक पाठवायची आहे.

नाना_ओकपार्क

धागा आवडला. या गावात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१ मे १८८६ हा शनिवार होता. आठ तासांच्या दिवसासाठी देशभर तीन लाखांच्या वर कामगारांनी काम थांबवलं आणि शिकागो त्यात सगळ्यांच्या पुढे. अल्बर्ट पार्सन्स आणि त्याची बायको लुसी मुलांना घेऊन मोर्चात चालले. तो दिवस शांततेत गेला. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ तारखेला रात्री हेमार्केटजवळ.

या सभेला महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन गेला होता हे बहुतेकांना माहीत नसतं. त्याने भाषणं ऐकली, सभा शांत आहे असं पोलिसांना सांगितलं आणि घरी गेला. मग पाऊस आला, गर्दी पांगली, काहीशे लोक उरले. सॅम्युएल फील्डन शेवटचं बोलत होता, संपवतच आला होता. तेवढ्यात पावणेदोनशे पोलिसांची तुकडी आली, सभा बंद करा म्हणाली, आणि अंधारातून बॉम्ब पडला. त्यानंतर पोलिसांनी अंदाधुंद गोळीबार केला. सात पोलीस गेले. नागरिक किमान चार.

बॉम्ब कोणी टाकला ते आजतागायत कळलेलं नाही. खटला मात्र आठ जणांवर चालला, आणि त्यातले बहुतेक स्फोटाच्या क्षणी तिथे नव्हतेच. पार्सन्स तर पळून विस्कॉन्सिनमध्ये लपला होता, सहज वाचला असता. पण खटला सुरू झाला त्या दिवशी तो आपल्या पायांनी कोर्टात चालत आला आणि साथीदारांशेजारी बसला. ११ नोव्हेंबर १८८७ ला स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगल यांना फाशी. लिंगने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर ऑल्टगेल्डने माफी दिली, आणि नुसती माफी देऊन थांबला नाही, खटलाच कसा पक्षपाती होता ते लिहून ठेवलं. त्याचं राजकारण तिथेच संपत आलं.

१ मे हा आंतरराष्ट्रीय कामगार दिन ठरला तो १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत. म्हणजे बीज शिकागोचं, रोप युरोपात लागलं.

सुलूताई_एडिसन

नाना, दंडवत घ्या. पार्सन्सचं हे माहीत नव्हतं.

जाता जाता, त्याच वर्षी, म्हणजे १८८६ ला, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर रमाबाई १८८८ पर्यंत अमेरिकेत फिरत होत्या. म्हणजे हेमार्केटचा खटला आणि फाशी चालू असताना एक मराठी बाई हा देश डोळसपणे पाहत होती. त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' १८८९ चं. बायकांच्या संघटनांवर त्यांनी फार मन लावून लिहिलंय.

दस्तऐवज

धागाकर्त्याच्या मूळ मताशी असहमत.

सप्टेंबरची सुट्टी ही सरकारची शक्कल नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल लेबर युनियनने पहिला लेबर डे मोर्चा काढला तो ५ सप्टेंबर १८८२ ला. हेमार्केटच्या जवळजवळ चार वर्षं आधी! मोर्चा, बँड, मग सहल आणि बिअर. १८८७ मध्ये ओरेगनने त्याला राज्याची सुट्टी केली, मग एकेक राज्य येत गेलं. १८९४ मध्ये केंद्राने फक्त शिक्का मारला. सण कामगारांनीच शोधला होता.

ठाकुर्लीकर

@दस्तऐवज, सण कामगारांचा होता हे ठीक. पण शिक्का मारायला १८९४ चा जूनच का सापडला? पुलमनच्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्याचा संप ऐन भरात असताना?

दस्तऐवज

इथेच इंटरनेटवरच्या गोष्टी घसरतात. संप मोडल्यावर क्लीव्हलँडने मलमपट्टी म्हणून सुट्टी दिली, असं सगळीकडे छापलेलं असतं. तारखा पाहा. रेल्वे युनियनचा पुलमनच्या डब्यांवरचा बहिष्कार सुरू झाला २६ जूनला. विधेयकावर सही २८ जूनला. शिकागोत लष्कर आलं जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे सुट्टी आधी, संगिनी नंतर. विधेयक काँग्रेसमध्ये त्याआधीपासूनच होतं.

निवडणुकीच्या वर्षात कामगारांना खूश ठेवायचं होतं, हे मान्य. पण रक्त पुसायला फडकं दिलं, असं नाही.

झणझणीत

म्हणजे २८ जूनला कामगार दिन जाहीर आणि आठवड्याभरात कामगारांवर लष्कर. हे तर उलट जास्त वाईट दिसतंय की हो.

नाना_ओकपार्क

पुलमनचा विषय निघालाच आहे तर थोडं त्या गावाबद्दल.

जॉर्ज पुलमन रेल्वेचे झोपण्याचे डबे बनवायचा. शिकागोच्या दक्षिणेला त्याने १८८० पासून स्वतःचं गाव वसवलं. लाल विटांची टुमदार घरं, नळाचं पाणी, गॅस, वाचनालय, बाजारपेठ. गुत्ता मात्र नाही. दारू मिळायची ती फक्त फ्लॉरेन्स हॉटेलात, तीही पाहुण्यांना. हिरव्या दगडाचं एक सुंदर चर्च बांधलं, पण भाडं इतकं लावलं की कोणत्याच पंथाला परवडेना आणि ते बराच काळ रिकामं पडलं. देवाकडूनही भाडं घेणारा माणूस.

१८९३ ला मंदी आली. पगार सरासरी पाव हिश्श्याने कापले. घरभाडं जसंच्या तसं. भागधारकांचा लाभांशही जसाच्या तसा. ११ मे १८९४ ला कामगार बाहेर पडले. मग यूजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायच्या नाहीत असं ठरवलं आणि शिकागोच्या पश्चिमेकडची रेल्वे ठप्प झाली. टपाल अडतंय हे निमित्त करून ॲटर्नी जनरल ऑल्नीने कोर्टाचा मनाईहुकूम आणला. हा ऑल्नी रेल्वे कंपन्यांचा वकील राहिलेला. गव्हर्नर ऑल्टगेल्ड ओरडत राहिला की माझ्या राज्यात तुमचं लष्कर नको, कोण ऐकतो. डेब्जला सहा महिने तुरुंग.

१८९७ मध्ये पुलमन गेला. कामगार प्रेत उकरून काढतील अशी घरच्यांना भीती. म्हणून ग्रेसलँड दफनभूमीत काँक्रीट आणि पोलादी रूळ घालून त्याची शवपेटी पुरली. कबर अजून तिथेच आहे, वर उंच खांब आहे. आणि गाव? ते आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मेट्रा इलेक्ट्रिक लोकलने १११ व्या रस्त्याला उतरायचं.

कढीलिंब

भाडं थकेल म्हणून मेल्यावरही मालमत्ता पक्की बांधून घेतली. हसून हसून पुरेवाट.

झणझणीत

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. मजूर पक्ष का नाही? सरळ उत्तर आहे. इथल्या माणसाला आपण कामगार आहोत असं वाटतच नाही. आज मजूर, उद्या फोरमन, परवा दुकानदार. फोर्डने १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर आणि आठ तास जाहीर केले, फाटकाबाहेर हजारोंची झुंबड उडाली. पोट भरलं की क्रांती कशाला करतंय कोण?

दस्तऐवज

@झणझणीत, १९०६ मध्ये जर्मन अर्थशास्त्रज्ञ वेर्नर झोम्बार्टने हाच प्रश्न घेऊन पुस्तक लिहिलं आणि त्याचंही उत्तर थोडंफार असंच, की अमेरिकेत खायला भरपूर आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. फोर्डचं तरी पूर्ण सांगा. त्याच्याकडे माणसं टिकतच नव्हती. १९१३ मध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण ३७० टक्के, म्हणजे एकेक जागा वर्षात तीन-चारदा भरावी लागे. पाच डॉलर हे त्यावरचं औषध. आणि ते सगळ्यांना सरसकट नव्हते. कंपनीचे निरीक्षक घरी येऊन बघायचे, दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बचत करतो का. त्यात पास झालात तर पाच. आणि हाच फोर्ड युनियनला मान्यता द्यायला १९४१ पर्यंत तयार नव्हता.

माझ्या मते कारणं तीन, आणि ती पोटाशी कमी, रचनेशी जास्त संबंधित.

एक, इथल्या गोऱ्या पुरुषांना मत कारखान्यांच्या आधी मिळालं. ब्रिटनमध्ये मजुराला मतासाठी भांडावं लागलं आणि त्या भांडणातूनच वर्ग म्हणून एकी झाली. इथे गिरणीत जाणारा माणूस आधीच डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन होता, बापापासून. दोन, कोर्टं. न्यूयॉर्कने बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली, १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवली, का तर कामगाराच्या कराराच्या स्वातंत्र्यावर घाला! कायदे करूनही टिकत नाहीत म्हटल्यावर पक्ष काढून कायदे करण्यात अर्थ काय, असं सिगारवाल्या सॅम्युएल गॉम्पर्सने ठरवलं. कामगार संघटनांची त्याची फेडरेशन १८८६ च्या डिसेंबरची. धोरण एकच, मालकाशी करार करा, पक्ष काढू नका, मित्राला मत द्या आणि शत्रूला पाडा. तीन, एका मतदारसंघात एकच निवडून येणार, तिसऱ्या पक्षाला जागाच नाही.

आणि जागा नसताना जे झालं तेही कमी नाही. डेब्जने १९१२ मध्ये समाजवादी पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहून सुमारे नऊ लाख मतं घेतली, सहा टक्के. १९२० मध्ये तो महायुद्धाविरुद्धच्या भाषणासाठी अटलांटाच्या तुरुंगात होता. कैदी क्रमांक ९६५३. तुरुंगातून उभा राहिला आणि पुन्हा नऊ लाखांवर मतं.

चीजवाला_विस्कॉन्सिन

मिलवॉकीला कोणी विसरू नका रे. आमच्याकडे तीन समाजवादी महापौर होऊन गेले. पहिला १९१० मध्ये, शेवटचा १९६० पर्यंत. मधला डॅनियल होन २४ वर्षं खुर्चीत. यांनी क्रांतीची भाषणं कमी केली आणि सांडपाण्याच्या नळांबद्दल इतकं बोलले की पक्षातलेच लोक त्यांना गटारवाले म्हणून चिडवायचे. पण गटारं चांगली झाली, हो.

तळ्यात_मळ्यात

आमच्या नगरपालिकेला असा एखादा समाजवादी उसना मिळेल का? पावसाळ्यापुरता.

पिट्सबर्गची_मावशी

मोबाईलवरून टंकतेय, चुका पोटात घाला.

होमस्टेड कोणीच काढलं नाही? आम्ही दर वीकेंडला तिथे किराणा आणायला जातो. कार्नेगीची पोलादाची गिरणी होती, १९८६ ला बंद पडली, आता वॉटरफ्रंट नावाचा मॉल आहे. गिरणीच्या विटांच्या उंच चिमण्या एका रांगेत तशाच ठेवल्यात, शेजारी सिनेमा थिएटर. मुलांना वाटतं शोभेच्या आहेत.

नदीकाठी जुनं पंपहाउस अजून आहे. ६ जुलै १८९२ ला पहाटे युनियन मोडायला दोन पडावांतून पिंकर्टन या खाजगी कंपनीचे ३०० रखवालदार तिथे आणले, कार्नेगीचा कारभारी हेन्री फ्रिकने. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये हवा खात होता. गावातले लोक, बायकासुद्धा, काठावर उभे. दिवसभर गोळीबार. सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले. पिंकर्टन शरण आले तर त्यांना रांगेतून मारत नेलं, त्यात बायका पुढे. पण मग राज्याची साडेआठ हजारांची फौज आली आणि पोलाद उद्योगातली युनियन पुढची चाळीसेक वर्षं उठली नाही.

आणि सहा वर्षांनी कार्नेगीने त्याच गावाला वाचनालय दिलं. सुरेख इमारत आहे, पोहण्याचा तलावसुद्धा आहे आत. माझी मुलगी तिथे जायची. बारा तास भट्टीवर उभा राहणारा माणूस पुस्तक कधी वाचणार, हा प्रश्न तेव्हाच्या कामगारांनीच विचारला होता म्हणे.

अक्कलदाढ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

झणझणीत

अक्कलदाढ यांनी आजवरचा सर्वांत संतुलित प्रतिसाद दिला आहे. (हलकेच घ्या)

निळी_शाई

सगळं वाचलं. चांगली चर्चा आहे, पण दस्तऐवजांच्या तीन कारणांत सगळ्यात मोठं कारण कसं काय सुटलं?

पुलमनच्या डब्यांतून प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर होते सगळे काळे. गुलामगिरीतून नुकते सुटलेले लोक स्वस्तात मिळतात म्हणून त्याने मुद्दाम तेच घेतले. प्रवासी त्यांना नावाने हाक मारायचे नाहीत, सरसकट "जॉर्ज", म्हणजे मालकाच्या नावाने, जशी गुलामांना मालकाची नावं असायची. आता बघा, १८९४ च्या जूनमध्ये डेब्जच्या युनियनचं अधिवेशन भरलं. काळ्यांना सभासद करून घ्यायचं का, यावर मतदान झालं. डेब्ज म्हणाला घ्या. थोड्या मतांनी ठराव पडला. आणि हे लोक निघाले पुलमनशी लढायला, पुलमनचेच काळे कामगार बाहेर ठेवून!

पोर्टरांना स्वतःची युनियन काढायला १९२५ उजाडलं. ए. फिलिप रँडॉल्फ. कंपनीशी करार व्हायला १९३७. नंतर याच रँडॉल्फने १९४१ मध्ये रूझवेल्टला दम दिला, युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना कामं द्या, नाहीतर वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो. मोर्चा न काढता आदेश निघाला. २२ वर्षांनी, १९६३ चा तो प्रसिद्ध मोर्चा, त्याचाही प्रमुख हाच. मोर्चाच्या नावात "नोकऱ्या आणि स्वातंत्र्य" असं होतं, पहिला शब्द नोकऱ्या. आपल्याला फक्त मार्टिन ल्यूथर किंगचं स्वप्नाचं भाषण शिकवतात.

आणि न्यू डील, म्हणजे मंदीच्या काळातला रूझवेल्टचा कायद्यांचा कार्यक्रम. १९३५ चा युनियनचा कायदा, त्याच वर्षीची सोशल सिक्युरिटी (पेन्शन योजना), १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, तिन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतल्या काळ्यांची बहुसंख्य कामं नेमकी हीच. एकत्र येऊच दिलं नाही तर मजूर पक्ष कुठून होणार?

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामी संपवली त्यांना अर्पण केलं. आणि ९९ वर्षांनी मुंबईत पँथर हे नाव तिकडून आलं. ही ये-जा जुनी आहे.

झणझणीत

प्रत्येक चर्चा शेवटी इथेच का येते? मजूर पक्ष गोऱ्यांचा तरी व्हायला हवा होता. तोही झाला नाही. मग वर्ण हे कारण कसं?

निळी_शाई

@झणझणीत, कारण संप मोडायला मालकाकडे कायम दुसरी माणसं तयार होती, ज्यांना युनियनने स्वतःच दारात उभं केलं नव्हतं. आणि गोऱ्या मजुराला, निदान मी तो नाही, एवढं समाधान पगारात मिळत होतं. हे आपल्या गिरण्यांतही होतं. वीव्हिंग खात्यात कोणाला घेत नव्हते आणि का, ते विचारा. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो, म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा मुद्दा मांडला होता.

दस्तऐवज

निळी_शाईंचं मूळ म्हणणं मान्य. एक पुरवणी. शेतमजूर-घरकामगार वगळण्यामागे फक्त दक्षिणेचे खासदार होते का, यावर इतिहासकारांत वाद आहे. विखुरलेल्या मालकांकडून वर्गणी गोळा करणं अवघड, असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांचंही म्हणणं होतं. परिणाम मात्र तुम्ही म्हणता तोच.

सुलूताई_एडिसन

बायका राहिल्या. होमस्टेडच्या काठ्या सोडल्या तर धाग्यात सगळे मिशीवाले पुरुष.

न्यूयॉर्कला वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ विद्यापीठाची एक इमारत आहे, मुलगा तिथेच शिकला. तिच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल कंपनीचा ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायची वेळ. आग लागली. नवव्या मजल्याचं एक दार कुलूपबंद, मुली कापड चोरतील म्हणून. अग्निशमनाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी, कितीतरी विशीच्या आतल्या. मालक निर्दोष सुटले.

खाली रस्त्यावर फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई उभी होती, तिने उड्या मारणाऱ्या मुली पाहिल्या. पुढे रूझवेल्टची १२ वर्षं मजूरमंत्री तीच, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. निळी_शाईंनी सांगितलेल्या कायद्यांत तिचा मोठा वाटा, त्यांतल्या उणिवांसकट.

दर २५ मार्चला लोक त्या मुली जिथे राहायच्या त्या घरांसमोर फूटपाथवर खडूने त्यांचं नाव आणि वय लिहून ठेवतात. मी लोअर ईस्ट साइडला एकदा पाहिलं. वय वाचून पुढे जाववत नाही.

काळाचौकी

मी गिरणी कामगाराचा मुलगा. वडील १८ जानेवारी १९८२ ला बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. गिरणीचं नाव घेत नाही, आता तिथे काचेची इमारत आहे.

अमेरिकेत आल्यावर कळलं की त्याच्या पाचच महिने आधी इथेही असंच झालं होतं. ३ ऑगस्ट १९८१ ला विमानांची वाहतूक सांभाळणारे कंट्रोलर संपावर गेले. रेगनने ४८ तास दिले आणि मग ११ हजारांवर लोकांना एका फटक्यात घरी बसवलं, पुन्हा सरकारी नोकरीत घेणार नाही म्हणून. हा रेगन स्वतः हॉलिवूडच्या नटांच्या युनियनचा अध्यक्ष राहिलेला, आणि या कंट्रोलर युनियनने निवडणुकीत त्यालाच पाठिंबा दिला होता!

दोन्ही संप सारखे नाहीत, हे कळतं. तिथे अडीच लाख माणसं आणि डबघाईला आलेला धंदा, इथे तेरा हजार सरकारी कर्मचारी. पण त्यानंतर मालकांना जे समजलं ते दोन्हीकडे एकच. संपावर गेलेल्याशिवाय चालू शकतं.

कढीलिंब

काळाचौकी, तुमच्या वडिलांना नमस्कार. विनोद करायला आलो होतो, आज राहू दे.

निळी_शाई

काळाचौकी +१. मेम्फिस १९६८ चाही उल्लेख हवा. कचरा उचलणारे दोन कामगार पावसात आडोशाला गाडीत बसले आणि यंत्र चालू होऊन चिरडले. १३०० सफाई कामगार संपावर, गळ्यात पाटी "मी माणूस आहे". मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी तिथे गेला होता, ४ एप्रिलला तिथेच त्याचा खून झाला.

तिरफळ

आपली माणसं या कथेत कुठे होती? तर मार खात. ४ सप्टेंबर १९०७, वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम. लाकडाच्या गिरण्यांत काम करणारे पंजाबी, बहुतेक शीख. गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांना बिऱ्हाडांतून ओढून काढलं आणि गावाबाहेर हाकललं. तारीख बघा. दोनच दिवस आधी लेबर डे झाला होता. त्याआधी १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला २८ चिनी खाणकामगार मारले. चिनी मजुरांवर बंदीचा १८८२ चा कायदा युनियनांनी डोक्यावर घेतला होता. निळी_शाईंचा मुद्दा फक्त काळ्या-गोऱ्यांपुरता नाही.

ठाकुर्लीकर

इतकं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे, स्वतःच्याच धाग्याची.

पण सप्टेंबर आधीपासून होता, हे धरूनसुद्धा मेचं काय झालं? तो कोणी पुसला?

दस्तऐवज

पुसला तो नंतर, शीतयुद्धात. १९५८ मध्ये आयझेनहॉवरने १ मे हा कायद्याने निष्ठा दिन केला. आजही दर वर्षी राष्ट्राध्यक्ष तशी घोषणा काढतो. गॉम्पर्सच्या वारसदारांनाही १ मे नकोच होता, मॉस्कोचा वास येत होता. म्हणजे तुमचा संशय बरोबर दिशेने होता, साल आणि राष्ट्राध्यक्ष वेगळे.

नाना_ओकपार्क

आणि परत आणला तो स्थलांतरितांनी. १ मे २००६ ला शिकागोत लाखो लोक रस्त्यावर उतरले, बरेचसे मेक्सिकन वंशाचे, कागदपत्रांविना राहणाऱ्यांच्या हक्कांसाठी. लॅटिन अमेरिकेत मे दिन पाळतातच, ते त्यांच्याबरोबर इथे आलं.

चीजवाला_विस्कॉन्सिन

अजून एक ताजं. वाहन कामगारांच्या युनियनने २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांत संप केला आणि नवे करार केले. ते संपतात ३० एप्रिल २०२८ च्या रात्री. बाकी युनियनांनाही त्यांनी सांगितलंय, तुमचे करारही त्याच दिवशी संपवा. म्हणजे १ मे.

दस्तऐवज

त्यामागे कायद्याची गोम आहे. पुलमनच्या वेळी डेब्जने केलं तसं दुसऱ्याच्या भांडणात आपला मालक अडवणं १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने बंद झालं. सहानुभूतीचा संप नको, मग प्रत्येकाचा स्वतःचा करार एकाच रात्री संपला तर? प्रत्येकजण आपापल्या भांडणासाठीच बाहेर.

झणझणीत

खाजगी क्षेत्रात शंभरात सहा लोक युनियनमध्ये उरलेत. काय डोंबल होणार?

काळाचौकी

१९३० च्या सुमारालाही शंभरात दहा-अकराच होते. १९४५ ला तिसाच्या वर.

झणझणीत

तेव्हा रूझवेल्ट होता, साहेब.

काळाचौकी

रूझवेल्टला फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात ४४ दिवस बसून राहिलेली माणसंही होती.

नाना_ओकपार्क

तुमचं चालू द्या. येत्या शनिवारी पुलमन बघायला कोण कोण येतंय? ११ वाजता १११ व्या रस्त्याच्या स्टेशनबाहेर. ठाकुर्लीकर, तुम्ही धरलेलेच आहात. डबा आपापला आणा, आसपास खायला फारसं काही मिळत नाही.

कढीलिंब

मी येतो. साबुदाण्याची खिचडी माझ्याकडे लागली.